हलका लॅपटॉप घ्यावा का? एका खरेदीचा ताळेबंद

व्यापारी घरात मालाची पारख वारशाने येते. हळदीच्या पोत्यातील मूठभर हळकुंडे हातात घेतली की प्रत कळते, कापडाचा ताका दोन बोटांत धरला की पोत समजतो. लॅपटॉपच्या खरेदीत मात्र हीच जाणती घरे अडखळतात. पेढीवरचा पाच-सहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप अजून चालतो. पण सकाळी सुरू व्हायला वेळ घेतो, त्याची बॅटरी तासाभरात मान टाकते आणि प्रवासात त्याचे ओझे खांद्याला जाणवते. दुकानात मांडलेला नवा लॅपटॉप मात्र वहीसारखा एका हाताने उचलला जातो. मुलगा म्हणतो, "अण्णा, आता हा बदलूया." वडील विचारतात, "चालतोय ना अजून?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

हा वाद किरकोळ समजू नये. त्याच्या एका बाजूला लाखाच्या घरातील रक्कम आहे. दुसऱ्या बाजूला साऱ्या पेढीची खतावणी, ग्राहकांची उधारी आणि बँकेचे व्यवहार आहेत. नव्याचा मोह आणि जुन्याची सवय ही दोन्ही या निर्णयाची वाईट मापे होत. जुन्या यंत्रात नेमकी उणीव कोणती, ती दुरुस्तीने भरून निघते का, आणि नव्या यंत्राबरोबर कोणत्या नव्या अडचणी घरात येतील, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडली की निर्णय बहुधा आपोआप समोर येतो.

हलकेपणा आला कुठून?

१९८१ साली बाजारात आलेला 'ऑस्बोर्न १' हा बरोबर नेता येणाऱ्या पहिल्या व्यापारी संगणकांपैकी एक. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून 'मॅकबुक एअर' बाहेर काढून दाखवला. त्याचे वजन १.३६ किलो होते. २०११ मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' ही संकल्पना मांडली आणि इतर कंपन्याही सडपातळ लॅपटॉपांकडे वळल्या. आज १३ ते १४ इंची पडद्याचे अनेक लॅपटॉप एक ते सव्वा किलोच्या आसपास मिळतात, तर पेढ्यांवर नेहमी दिसणारा जुना १५.६ इंची लॅपटॉप दोन किलोंच्या आगेमागे असतो.

हा हलकेपणा फुकट आलेला नाही. पहिल्या मॅकबुक एअरमध्ये सीडीचा ड्राइव्ह नव्हता, यूएसबीची एकच खाच होती आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येत नव्हती. पुढे बहुतेक हलक्या लॅपटॉपांनी हाच मार्ग धरला. जाडी कमी करायची तर जागा वाचवावी लागते, आणि ती वाचवताना सुटे होणारे भाग एकमेकांना कायमचे जोडले जातात. जुना जाड लॅपटॉप उघडून त्यात मेमरी वाढवता येत असे. आजच्या अनेक हलक्या यंत्रांत मेमरी मुख्य पट्टीवरच डागलेली असते. इंटेलच्या २०२४ मधील 'कोअर अल्ट्रा २०० व्ही' मालिकेत तर ती प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच बसवलेली आहे. खरेदीच्या दिवशी १६ किंवा ३२ जीबी यांपैकी जे निवडले, तेच शेवटपर्यंत राहते.

जुन्या यंत्राची उणीव नेमकी कोणती?

"लॅपटॉप जुना झाला" या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याखेरीज उपाय सापडत नाही.

पहिली तक्रार संथपणाची. लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुधा तिचाच असतो. अशी डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबीच्या आसपास माहिती वाचते. साधी एसएसडी पाचशेच्या आसपास, आणि विखुरलेल्या लहान लहान फाइली उचलण्यात तर दोघींमधले अंतर कितीतरी अधिक असते. चार जीबी मेमरीचे यंत्र आठ जीबीवर नेले आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तेच यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर, ई-वे बिल, बँकेचे पान आणि दोन-चार एक्सेल शीट एवढेच काम असेल, तर अद्ययावत प्रोसेसरची फारशी गरजही नसते.

दुसरी तक्रार बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि उष्णतेने झिजते. हा तिचा स्वभावच आहे. ती किती झिजली हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. विंडोजमधील 'पॉवरसीएफजी' या आज्ञेतून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५० वॅट-तास आणि दुसरा २८ वॅट-तास असेल, तर बॅटरीत मूळ क्षमतेच्या ५६ टक्केच दम उरला आहे. अशा वेळी बॅटरी बदलावी. केवळ तेवढ्यासाठी लॅपटॉप बदलण्याचे कारण नाही. फुगलेली बॅटरी मात्र तत्काळ काढून घ्यावी, कारण तिच्यात आगीचा धोका असतो.

तिसरी तक्रार वजनाची. इथे दुरुस्तीचा उपाय नाही. पण वजन खरोखर कोण वाहतो, हे पाहावे लागते. जो लॅपटॉप वर्षातील तीनशे दिवस पेढीच्या टेबलावरच असतो, त्याच्या वजनाला अर्थ नाही. इचलकरंजीहून दर पंधरवड्याला सुरत किंवा मुंबईच्या बाजारात जाणाऱ्या भागीदाराची गोष्ट निराळी. पेढीवर वजनकाटा असतोच. जुना लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि वायर असे सारे एकदा काट्यावर ठेवून पाहावे. जाहिरातीत केवळ लॅपटॉपचे वजन दिलेले असते, पिशवीत मात्र चार्जरही जातो. अनेक नवे लॅपटॉप टाइप-सी चार्जरवर चालतात आणि योग्य क्षमतेचा एकच चार्जर लॅपटॉप व मोबाइल दोघांनाही पुरतो. हा फायदा वजनाच्या हिशेबात जरूर धरावा.

चौथी तक्रार सुरक्षिततेची. ती स्वतःहून कोणी करत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तरीही चौघींत ती सर्वांत महत्त्वाची आहे.

न दिसणारी मुदत

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कोणतेही यंत्र बंद पडले नाही, पडद्यावर अंधारही झाला नाही. पण त्यानंतर सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवर नेहमीची विनामूल्य अद्यतने मिळणे थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा अद्यतनांची सोय जाहीर केली. ती मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही. ही सोय म्हणजे मुदतवाढ आहे, मुक्ती नव्हे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर या यादीत बसतात. म्हणजे साधारणतः २०१८ नंतर घेतलेला लॅपटॉप बहुधा पात्र असतो आणि त्याआधीचा बहुधा नसतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे विनामूल्य साधन याचे स्पष्ट उत्तर देते.

येथे निर्णयाचा पहिला टप्पा पूर्ण होतो. यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल, तर दुरुस्तीचा विचार आधी करावा. पात्र नसेल, तर त्यावर एसएसडी आणि बॅटरीसाठी खर्च करणे म्हणजे मुदत संपलेल्या भाडेपट्ट्याच्या दुकानाला रंग देणे होय. ज्या यंत्रावरून आरटीजीएस होते, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते आणि ग्राहकांची येणी-देणी ठेवली जातात, ते असुरक्षित ठेवून झालेली बचत ही बचत ठरत नाही.

नव्या यंत्राच्या अटी

नवे यंत्र घ्यायचे ठरले, तरी दुकानातील विक्रेता ज्या गोष्टी सहसा सांगत नाही, त्या व्यापाऱ्याने स्वतः विचाराव्यात.

पहिली गोष्ट जोडणीच्या खाचांची. अनेक अतिहलक्या लॅपटॉपांना केवळ टाइप-सी खाचा असतात. पेढीवरची डिजिटल स्वाक्षरीची टोकन, बारकोड स्कॅनर, बिलाचा प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह मात्र बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचे असतात. ज्यांना विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, त्या कंपन्यांना आणि एलएलपींना ही अडचण शेवटच्या तारखेच्या रात्री कळू नये. जोडणीचा हब सोबत घ्यावा, किंवा निदान एक जुनी खाच असलेले मॉडेल निवडावे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरच्या जातीची. जून २०२४ पासून क्वालकॉमच्या 'स्नॅपड्रॅगन एक्स' प्रोसेसरवर चालणारे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. ते हलके आहेत आणि त्यांची बॅटरीही दीर्घकाळ टिकते. परंतु त्यांची रचना इंटेल व एएमडीपेक्षा वेगळी, 'आर्म' पद्धतीची आहे. जुनी सॉफ्टवेअर त्यांवर अनुकरणाच्या मार्गाने बहुधा चालतात. पण प्रिंटर, स्कॅनर किंवा स्वाक्षरीची टोकन यांचे ड्रायव्हर आर्मसाठी स्वतंत्र बनवलेले असावे लागतात. ते उपलब्ध नसतील, तर उपकरण जोडूनही चालत नाही. मॅकबुकच्या बाबतीतही असाच विचार हवा. टॅलीप्राइम हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. मॅकवर ते थेट बसत नाही, त्यासाठी दूरस्थ किंवा क्लाउड जोडणीचा वेगळा मार्ग घ्यावा लागतो. घरातील विद्यार्थ्याला उत्तम ठरणारे यंत्र पेढीच्या मुनिमाला गैरसोयीचे ठरू शकते.

तिसरी गोष्ट मेमरीची. ती पुढे वाढवता येत नसेल, तर आज पुरेशी वाटते त्याच्या एक पायरी वरची घ्यावी. पाच वर्षे वापरायच्या यंत्रात आज १६ जीबीपेक्षा कमी मेमरी घेणे शहाणपणाचे नाही. साठवणुकीची एसएसडी मात्र अनेक मॉडेलांत नंतर बदलता येते. त्यामुळे रक्कम मर्यादित असेल, तर साठवणूक कमी आणि मेमरी अधिक, असा क्रम ठेवावा.

चौथी गोष्ट 'एआय' या शिक्क्याची. मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' या श्रेणीसाठी किमान १६ जीबी मेमरी आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा स्वतंत्र भाग अशा अटी ठरवल्या आहेत. हा भाग नसल्याने टॅली, ई-मेल किंवा बँकेचे काम अडत नाही. तो सोबत मिळत असेल तर उत्तम; त्याच्यासाठी म्हणून वेगळी रक्कम मोजण्यापूर्वी तो रोज कोणत्या कामी येणार, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे.

पैशांचा हिशेब

समजा, नव्या लॅपटॉपची किंमत ९०,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२०० रुपये. एकूण १,०६,२०० रुपये. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्याच्या वापरासाठी घेतलेल्या यंत्रावरील १६,२०० रुपयांची कर-वजावट मिळू शकते. त्यासाठी बिल पेढीच्या नावे आणि जीएसटी क्रमांकासह हवे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ही वजावट नाही. तसेच, ज्या कराची वजावट घेतली, तो यंत्राच्या किमतीत धरून त्यावर पुन्हा घसारा घेता येत नाही.

आयकरात संगणकावर घटत्या शिलकीने ४० टक्के घसारा मिळतो. ९०,००० वर पहिल्या वर्षी ३६,०००, दुसऱ्या वर्षी २१,६०० आणि तिसऱ्या वर्षी १२,९६० रुपये. तीन वर्षांनी पुस्तकी शिल्लक १९,४४० रुपये. इथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे. "घसारा मिळतो, म्हणजे यंत्र जवळजवळ फुकट पडते," असे सहज म्हटले जाते. वस्तुतः ३६,००० रुपयांनी करपात्र नफा कमी होतो. कराचा दर ३० टक्के धरला, तर उपकर वगळून प्रत्यक्ष वाचणारा कर १०,८०० रुपये एवढाच असतो. केवळ कर वाचवण्यासाठी यंत्र घेणाऱ्याच्या गल्ल्यातून ९०,००० जातात आणि पहिल्या वर्षी १०,८०० परत येतात. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत कर भरणाऱ्या व्यापाऱ्याला तर घसाऱ्याची वेगळी वजावटच नसते.

खरेदीच्या तारखेलाही महत्त्व आहे. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर वापरात आणलेल्या यंत्रावर पहिल्या वर्षी ३६,००० ऐवजी १८,००० रुपयेच घसारा. दिवाळी-पाडव्याच्या खरेदीला ही अट बहुतेक वेळा लागू होते. उरलेला घसारा बुडत नाही, पुढील वर्षांत मिळत राहतो. तरीही सणाच्या सवलतीचा आकडा आणि हा फरक शेजारी मांडून पाहावा.

आता दुरुस्तीचा हिशेब. समजा, एसएसडी, मेमरी, बॅटरी आणि मजुरी मिळून १२,००० रुपये लागले आणि विंडोज ११ ला पात्र असलेला जुना लॅपटॉप आणखी दोन वर्षे चालला, तर महिन्याला ५०० रुपये पडतात. ९०,००० चा नवा लॅपटॉप पाच वर्षे चालला, तर महिन्याला १,५०० रुपये. उरलेले हजार रुपये कशाचे, याचे उत्तर घराने द्यावे. महिन्यातून आठ दिवस प्रवास करणाऱ्या भागीदाराचा खांदा, गाडीत बसल्या बसल्या पूर्ण होणारी बिले, चार्जरचा शोध न घेता जाणारा दिवस, हे सारे हजार रुपयांत स्वस्तच आहे. तेच यंत्र टेबलावरून हलणारच नसेल, तर ते हजार रुपये निव्वळ दिमाखाचे भाडे होय.

हप्त्याने घेताना रोखीवर मिळणारी सूट सोडावी लागते का आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दोन प्रश्न विचारावेत. रोखीचा वटाव म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जुन्याची पाठवणी

व्यापारी घरात जुना लॅपटॉप पेढीवरून घरी आणि घरून मुलांच्या अभ्यासाकडे जातो. ही पद्धत चांगली आहे; लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच घडून गेलेला असतो, म्हणून चालते यंत्र अधिक वर्षे वापरणे हिताचेच असते. मात्र पाठवणीपूर्वी काही कामे क्रमाने व्हायला हवीत. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती नव्या यंत्रावर उघडते का, हे तपासावे. जुन्या यंत्रावरील टॅलीचा परवाना 'सरेंडर' करावा, तरच तो नव्यावर सुरू करता येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड काढावेत. शेवटी विंडोजमधील 'रीसेट' करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा. नुसत्या फाइली पुसल्याने माहिती जात नाही, आणि ती माहिती एकट्या पेढीची नसते, पेढीवर विश्वास टाकलेल्या ग्राहकांचीही असते.

यंत्र विकायचे असेल आणि त्यावर पूर्वी कर-वजावट घेतली असेल, तर त्या विक्रीवरही जीएसटीचा हिशेब लागतो. तो सनदी लेखापालाला विचारून करावा. पूर्ण निकामी झालेले यंत्र भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवे. आतील बॅटरी फुटली वा जळाली, तर धोका गोळा करणाऱ्या माणसाला असतो.

निर्णय

एकाच पेढीत तीन माणसांसाठी तीन उत्तरे येऊ शकतात. गादीवर बसून बिले करणाऱ्या मुनिमाला हलक्या लॅपटॉपची गरज नाही. त्याचे यंत्र पात्र असेल तर दुरुस्त करावे, नसेल तर त्याच किमतीत मोठ्या पडद्याचे, पुरेशा खाचांचे साधे यंत्र घ्यावे. सतत फिरणाऱ्या भागीदाराला हलके यंत्र अवश्य घ्यावे. खाचा, ड्रायव्हर आणि मेमरी तपासून, आणि शक्य तर ऑक्टोबरपूर्वी. वसतिगृहात राहणाऱ्या मुला-मुलीला हलके यंत्र उपयोगाचे असते, पण महाविद्यालयाला कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे आधी विचारून मगच निवड करावी.

खरेदीला जाण्यापूर्वी घरातल्यांनी एका कागदावर जुन्या यंत्राची उणीव एका ओळीत लिहावी. "बॅटरी ५६ टक्के" किंवा "विंडोज ११ बसत नाही" किंवा "महिन्यातून आठ दिवस प्रवास" अशी ती नेमकी असावी. असा कागद हाती असला की अण्णांना खर्चाचे कारण पटते आणि मुलाला आपली निकड सिद्ध करता येते. ओळ लिहिता आली नाही, तर खरेदी सहा महिने पुढे ढकलावी आणि तोवर हिशेबाची प्रत दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घेत राहावी.